आधी तिला बाहेर येऊ द्या

"शिडी घट्ट धर गं वैनी, नाहीतर आईला एकच मुलगा उरेल!" क्रेग वरून ओरडला.

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. आमच्या घरासमोरच्या दिव्याच्या खांबावर तो इंग्लंडचा झेंडा बांधत होता, पांढऱ्यावर लाल क्रूस. गल्लीतल्या बाकी सगळ्या खांबांवर त्यानं सकाळपासून झेंडे लावले होते, आमचा शेवटचा. मला ते पटत होतं असं नाही. पण शिडी डगडगत होती आणि वर माझा दीर होता. हात कसा काढून घेणार?

क्रेग माझ्या नवऱ्याचा, नीलचा, धाकटा भाऊ. मी मूळची इचलकरंजीची. हॉटेल मॅनेजमेंट शिकून एका प्रवासी जहाजाच्या किचनमध्ये लागले, नील त्याच जहाजावर इंजिनरूममध्ये होता. लग्न ठरवल्याचं घरी कळवलं तेव्हा आईनं फोनवर आधी मुलाचं नाव विचारलं. मग म्हणाली, "नाव तरी आपल्यातलं आहे."

लग्नानंतर मी नीलच्या गावी, हॅझलथॉर्पला आले. उत्तर इंग्लंडमधलं गाव. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तरणी पोरं कामासाठी शहरांकडे गेली, आणि जी राहिली ती पबमध्ये बसून खाणींच्या गोष्टी सांगायची. नील वर्षातले निम्म्याहून जास्त महिने समुद्रावर. त्या काळात माझं जे काही अडायचं ते क्रेग बघायचा. तो छपरं शाकारायचा. बॉयलर बंद पडला, क्रेग. गाडी रुसली, क्रेग. माझ्या लेकीच्या, रेवाच्या, वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा बर्फ पडत होता. त्यानं मला त्याच्या व्हॅनमध्ये घालून दवाखान्यात नेलं, आणि वाटेत माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. आमच्याकडे भावाच्या बायकोला वहिनी म्हणतात, असं मी एकदा त्याला सांगितलं होतं. त्याला तो शब्द इतका आवडला, की तेव्हापासून मी त्याची 'वैनी' झाले.

झेंडा बांधून तो खाली उतरला आणि मान वर करून बघत राहिला.

"मस्त दिसतोय ना?"

"कुणाला दाखवायला लावतोयस?"

"कुणाला म्हणजे? आपल्यालाच."

"आणि हॉटेलातल्या लोकांना."

तो हसला. "त्यांना दिसला तर दिसला. तुझी गोष्ट वेगळी आहे, वैनी. तू राबतेस, कर भरतेस, आमच्या घरातली आहेस. ते होडीत बसून येतात आणि आयतं खातात."

"ते आयतं मीच शिजवते, क्रेग."

"तुला कुठं काय म्हटलं मी?" तो शिडी मिटायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी कामावर आहेस का?"

"नाही, सुट्टी आहे. का रे?"

"काही नाही. असंच."

रोझमाउंट हॉटेल गावाच्या टोकाला होतं. एकेकाळी तिथं गावातली लग्नं लागायची. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे मॉरीनच्या, लग्नाची पार्टीही तिथंच झालेली. मग हॉटेल तोट्यात गेलं आणि सरकारनं ते आश्रय मागायला आलेल्या माणसांना ठेवण्यासाठी घेतलं. सुदानी, अफगाण, इरिट्रियाचे, सगळे पुरुष. त्यांना काम करायची परवानगी नव्हती. खायचं, झोपायचं आणि निर्णयाची वाट बघायची. किचन माझ्याकडे होतं. वाढताना सवयीनं माझ्या तोंडून "पुरे?" निघून जायचं. थोड्याच दिवसांत रांगेतला प्रत्येक जण ताट पुढं करून "पुरे, पुरे" म्हणायला लागला. हा जेवणाआधी म्हणायचा मंत्र आहे, असंच त्यांतल्या काहींना वाटत असावं.

त्यांच्यात इद्रिस होता. चाळिशीचा, उंच, सुदानमधल्या दारफुरकडचा. तिकडं तो ट्रक चालवायचा. रिकामं बसवत नाही म्हणून किचनच्या दाराशी येऊन उभा राहायचा. नियमात बसत नव्हतं, तरी मी त्याला कांदे सोलायला द्यायचे. आम्ही फार बोलायचो नाही. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं, आणि मला काय विचारावं ते कळायचं नाही. एकदा त्यानं फोनवर त्याच्या मुलीचा फोटो दाखवला. रेवाच्याच वयाची. मी म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, "होती." त्यानंतर आम्ही कांदेच सोलले.

त्या आठवड्यात गावातल्या बागेत एका शाळकरी मुलीवर कुणीतरी हात टाकला. मुलगी बचावली, माणूस पळाला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर एकच गोष्ट होती, तो हॉटेलातला होता. पोलीस सांगत होते, अजून कुणाची ओळख पटलेली नाही. ते कुणाला ऐकायचं नव्हतं. पुढं जो पकडला गेला तो त्याच गावात जन्मलेला, बापजाद्यांपासून तिथला निघाला. पण ते फार नंतर.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. किचनमधल्या दोघी घाबरून आल्याच नव्हत्या. "तू नाही आलीस तर हे लोक उपाशी राहतील." मी रेवाला मॉरीनकडे सोडलं.

"आज नको जाऊस," मॉरीन दारातच म्हणाली.

"का?"

"लोक जमणार आहेत म्हणे. तशी नुसती घोषणाबाजी. पण कशाला?"

"जेवण लावून लगेच येते," मी म्हटलं आणि निघाले.

दुपारचं जेवण होईपर्यंत बाहेर शेकडो माणसं जमली होती. आधी आवाज जत्रेसारखाच होता. लहान मुलं बापांच्या खांद्यांवर, कुणी बिअर पितंय, कुणी झेंडा अंगाभोवती गुंडाळलेला. "बाहेर काढा! बाहेर काढा!" असं सगळे तालात म्हणत होते. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिलं. त्यांत मला ओळखीचे चेहरे दिसत होते. रेवाच्या बालवाडीतल्या एका मुलाचा बाप. पोस्टातला माणूस. समोर पोलिसांची एक पातळ रांग होती, आणि ती बघूनच मला कळलं की ही पुरणार नाही.

पहिली वीट आली ती जेवणघराच्या काचेतून. तिच्यामागे आणखी. शेजारच्या पडक्या घराची भिंत त्यांनी फोडायला घेतली होती, त्यामुळं विटांना तोटा नव्हता. जेवणारी माणसं टेबलांखाली शिरली. एका अफगाण पोराच्या कपाळाला वीट लागली आणि डोळे रक्तानं भरले. त्याला काही दिसेना, तरी तो ताट सोडेना. पुढचा दरवाजा आमच्या दोन रखवालदारांनी सोफे लावून धरला होता. त्यांतला एक माझ्याकडे बघून ओरडला, "मागं! सगळ्यांना मागं ने!"

मागं म्हणजे किचनकडे. किचनच्या पलीकडे एक अरुंद बोळ, तिथून वर जायचा जिना, आणि बोळाच्या टोकाला मागच्या अंगणाकडचं, आत उघडणारं लोखंडी दार. जेवढे सापडले तेवढ्यांना घेऊन मी बोळात आले. दार उघडून पळून जाता येईल, असं मनात होतं. पण दाराजवळ पोचलो तर फटीखालून धूर येत होता. अंगणातले कचऱ्याचे डबे ढकलत आणून त्यांनी दाराला लावले होते आणि पेटवले होते. बाहेरून आवाज येत होते, लाथांचे, हसण्याचे, "जाळा साल्यांना!" असे. हसण्याची भीती जास्त वाटली.

मी वळले आणि जिन्याकडे हात केला. "वर! वर!" बोळात गर्दी झाली होती, माणसं एकमेकांवर रेलत होती. इद्रिस त्यांना एकेक करून जिन्याकडे लोटत होता. त्या अफगाण पोराला त्यानं खांद्यावर घेतलं, वर दिलं आणि परत आला.

तेवढ्यात दारापलीकडून हाक आली.

"वैनी!"

मला आधी वाटलं, भास झाला.

"वैनी! आत आहेस का? मी आहे, क्रेग!"

"क्रेग!" मी ओरडले. मला खरंच वाटलं, सुटले. माझा दीर आला.

बाहेर डबा ओढल्याचा खरखर आवाज झाला, मग लोखंडावर लोखंड. छपराच्या कामाची त्याची पहार त्यानं फटीत घातली असणार. एक हिसका, दुसरा, आणि कडी तुटली. दार उघडलं. धूर आणि ऊन एकदमच आत आलं, आणि त्यात क्रेग उभा. चेहरा लाल, घामानं डबडबलेला, गळ्याला झेंडा गाठ मारून बांधलेला.

"आईचा फोन आला, तू आत आहेस म्हणून," तो धापा टाकत म्हणाला. "तू सुट्टी आहे म्हणाली होतीस! चल. चल लवकर." त्यानं माझं मनगट पकडलं.

त्याच्यामागे अंगणात पंधरावीस जण होते. एकाच्या हातात खुर्चीची पेटलेली गादी होती, ती त्यानं अंगापासून लांब धरली होती. बाकीच्यांच्या हातांत विटा, दांडके. उघडलेलं दार बघून ते पुढं सरकले. क्रेगनं मान वळवली आणि दुसरा हात वर केला.

"थांबा!" तो ओरडला. "आधी तिला बाहेर येऊ द्या! ती आमच्या घरची आहे. ती बाहेर आली की मग करा काय करायचं ते."

आणि ते थांबले. सगळेच्या सगळे. गादी घेतलेला माणूसही थांबला, बसच्या दारात बाईला वाट द्यायला थांबतात तसा. एक जण तर मला म्हणाला, "या बाई, इकडून या, घाबरू नका." पन्नाशीचा असेल. आवाज अगदी मायेचा होता.

इद्रिस माझ्या मागे आला. त्याला वाटलं, दार उघडलं म्हणजे सगळ्यांसाठीच उघडलं. त्याच्यामागून आणखी दोघे आले. क्रेगनं माझं मनगट न सोडता पाय उचलला आणि इद्रिसच्या छातीवर लाथ घातली. बूट जड, छपरावर चढायचे. इद्रिस मागच्या मागं उडाला. त्याचं डोकं भिंतीलगतच्या स्टीलच्या ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आपटलं, तो आवाज मला गोंगाटातही ऐकू आला. तो खाली बसला आणि बसूनच राहिला.

"चल ना वैनी!" क्रेग म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरानं असेल, नाहीतर माझ्या काळजीनं. दोन्ही असेल.

मी मनगट हिसकलं. घामामुळं ते सुटलं. दोन्ही हात दारावर टेकले आणि अंगातला सगळा जोर लावून ढकललं.

त्याला ते कळलंच नाही. मला परत धरायला त्यानं हात आत घातला, आणि दार त्या हातावर बंद झालं.

तो किंचाळला. असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दार पूर्ण लागत नव्हतं, मध्ये चार बोटं होती. बाहेरून इतर जण ढकलायला लागले होते. आतून मी आणि ते दोघे रेटत होतो. फट वाढली तर सगळे आत येणार होते, आणि बोळात इद्रिस पडलेला होता. जिन्यावर अजून माणसं होती.

"हात काढ!" मी ओरडले. "क्रेग, हात काढ!"

त्याला काढता येत नव्हता. मी खांदा दाराला लावला, जोर किंचित ढिला केला आणि त्याची बोटं माझ्या हातानं धरून बाहेर ढकलली. दोन बोटांत हाड उरलेलं नव्हतं, ती नुसती हलत होती. मग दार मिटलं. त्या दोघांतल्या एकानं ट्रॉली दाराला आडवी लावली, दुसऱ्यानं पिठाची पोती ओढून आणली. पलीकडे क्रेग ओरडत होता, आणि त्या ओरडण्यात एकदाही शिवी नव्हती. तो फक्त मला विचारत होता, "का? का?"

आम्ही इद्रिसला उचलून वर नेलं. चादरींच्या खोलीत सगळे कोंबून बसलो, ओल्या टॉवेलांनी दाराची फट बुजवली. खाली काचा फुटत होत्या. नंतर घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, कुत्री भुंकली, आगीच्या बंबाचा भोंगा वाजला. सगळं थांबलं तेव्हा अजून ऊन होतं. मला बाहेर आणलं तेव्हा पोलिसांतल्या एका पोरीनं विचारलं, "हातावरचं रक्त तुमचं आहे का?" मी नाही म्हटलं.

क्रेगला दवाखान्यातच अटक झाली. दोन बोटं कापावी लागली, उजव्या हाताची.

इद्रिसच्या डोक्याला टाके पडले, बरगड्या मोडल्या. मी त्याला भेटायला गेले तेव्हा कळलं, सगळ्यांना दुसऱ्या गावांत हलवलंय. कुठं, ते सांगता येणार नाही. पुन्हा तो मला कधी दिसला नाही.

मॉरीन खटल्याआधी घरी आली. चहा घेतला नाही, कोटही काढला नाही.

"तो तुला वाचवायला आला होता, हे तू सांगशील ना?"

"सांगेन. ते खरंच आहे."

"आणि बाकीचं?"

"विचारलं तर सांगेन."

"तुझ्या पोरीच्या वेळी त्यानं तुला बर्फातून दवाखान्यात नेलं होतं." तिचा आवाज फाटला. "तुझ्यासाठी तो आगीत शिरला, आणि तू त्याचा हात चिरडलास. कशासाठी? ज्यांचं नावही तुला नीट म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी?"

मला नाव नीट म्हणता येत होतं.

कोर्टात क्रेगच्या वकिलानं मला विचारलं, आरोपी तुम्हाला वाचवायला आला होता ना? मी म्हटलं, हो. मग सरकारी वकिलानं विचारलं, दार उघडल्यावर आरोपी काय म्हणाला? मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पिंजऱ्यात क्रेग मान खाली घालून बसला होता. वाक्य ऐकताना त्यानं मान वर केली. आपण तसं म्हणालो होतो हे त्यालाच नवीन असावं, असा त्याचा चेहरा झाला. त्याला अडीच वर्षांची सजा झाली.

नील मिळेल त्या विमानानं आला होता. भाऊही त्याचा आणि बायकोही त्याची. त्यानं माझ्याकडून सगळं एकदा ऐकून घेतलं, पुन्हा विचारलं नाही. सुट्टीवर आला की तो क्रेगला भेटायला तुरुंगात जायचा, आणि मी क्रेगसाठी डबा भरून द्यायचे. तो आत नेऊ देत नसत, म्हणून नील तो गाडीतच खायचा. मॉरीन रेवाला बघायला यायची, पण मी घरी नसेन तेव्हा.

मॉरीन गेल्या मार्चमध्ये गेली. चर्चमध्ये क्रेगला मी सहा वर्षांनी पाहिलं. केस पिकले होते. छपराची कामं सुटली होती, कुठल्याशा गोदामात काम करतो असं नील म्हणाला होता. शवपेटी यायची होती. मी बाहेर भिंतीशी उभी होते, तो येऊन शेजारी थांबला.

"बरी आहेस?"

"आहे. तू?"

"आहे." मग म्हणाला, "एक विचारू? तुरुंगात रोज विचार करायचो. मी तुला वाचवायला आलो होतो."

"हो."

"तुला काही होऊ दिलं नसतं मी. एक ओरखडा नाही."

"हो, क्रेग."

"मग का?"

"तू इद्रिसला लाथ मारलीस."

"कुणाला?"

"माझ्या मागं होता तो. उंच. तू त्याच्या छातीवर लाथ मारलीस आणि त्याचं डोकं फुटलं."

क्रेग माझ्याकडे बघत राहिला. तो आठवायचा प्रयत्न करत होता, अगदी मनापासून. कपाळाला आठ्या पडल्या. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, कधीच नव्हता.

"कोर्टात म्हणाले तसं," तो म्हणाला. "कुणीतरी काढलेल्या व्हिडिओत पण आहे म्हणे. पण खरं सांगू? मला तिथं कुणी दिसलंच नाही. आईशप्पथ. दार उघडलं आणि मला फक्त तू दिसलीस."

हे तो प्रेमानं सांगत होता, आणि ते खरं होतं.

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर दार लावलं."

फाटकातून काळी गाडी हळूहळू आत आली. नीलनं हात करून त्याला खांदा द्यायला बोलावलं. क्रेग क्षणभर तिथंच उभा राहिला, मग रेती तुडवत भावाकडे गेला.